शनीचं कडं : अखंड चकती की फिरणारी गर्दी?



शनीचं चित्र काढताना मुलं गोळ्याभोवती बांगडी काढतात. चित्र ठीक आहे, पण 'शनीचं कडं बांगडीसारखं घट्ट आहे' ही समजूत पक्की होऊ देऊ नका. तिच्यामुळे पुढे गुरुत्वाकर्षण समजायला अडचण येते.

*कडं कशाचं आहे?*
मुख्यतः पाण्याच्या बर्फाचं. वाळूच्या कणापासून घराएवढ्या ठोकळ्यापर्यंत असंख्य तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे शनीचा स्वतंत्र छोटा चंद्रच! मुख्य कड्यांचा व्यास सुमारे २,७०,००० किमी, पण जाडी बहुतेक ठिकाणी १० मीटरच्या आसपास. वर-खाली जाणारे तुकडे एकमेकांवर आपटतात, त्यांची वर-खाली गती कमी होते आणि सगळे एका पातळीत येतात.

*मैदानावर करून बघा*
१) फक्कीने एकात एक तीन वर्तुळं आखा. प्रत्येकावर एक मूल उभं करा.
२) तिघांना एकच लांब काठी धरून फिरायला सांगा. बाहेरच्याला धावावं लागतं, आतला हळू चालतो. घट्ट चकती अशीच फिरते.
३) आता काठी काढा. आतल्याने जोरात, बाहेरच्याने हळू फिरायचं. रांग लगेच मोडते. शनीभोवती हेच घडतं!

*असं का?*
शनीच्या जवळ ओढ जास्त. आत न पडता फिरत राहायचं तर वेगही जास्त हवा. म्हणून मुख्य कड्यांच्या आतल्या काठावरचे तुकडे सुमारे ६ तासांत फेरी मारतात, तर बाहेरच्या काठावरचे सुमारे १४ तासांत. अखंड कडं टिकू शकत नाही, हे मॅक्सवेल यांनी १८५९ च्या निबंधात गणिताने दाखवलं. १८९५ मध्ये कीलर यांनी कड्यांवरून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि आतला भाग खरंच जोरात फिरतो हे सिद्ध केलं.

*मधली फट*
१६७५ मध्ये कॅसिनी यांना कड्यात काळी फट दिसली. तिच्या आतल्या काठाजवळचा तुकडा दोन फेऱ्या मारतो, तेवढ्यात मिमास हा उपग्रह एक मारतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी मिमासची ओढ पुन्हा पुन्हा लागते आणि तुकडे तिथे टिकत नाहीत.

शेवटी मुलांना विचारा : आपला चंद्र पृथ्वीच्या जवळ असता, तर त्याची फेरी लवकर संपली असती की उशिरा? कारणासह उत्तर आलं, की समजा धडा समजला.