मुलांची खुंटलेली वाढ : आपण काय पाहावे?



स्मरणिकेतील यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही मुलांच्या वाढीचा विषय घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमच्या आरोग्य अभ्यासगटात दोन शिक्षक, एक निवृत्त परिचारिका आणि एक अंगणवाडी सेविका आहेत. हा विषय घेण्याचे कारण म्हणजे एक फ्रॉक.

मालवण तालुक्यातील एका वाडीत संस्थेचा वह्यावाटपाचा कार्यक्रम होता. एक माउली आपल्या मुलीच्या अंगावरील फ्रॉक दाखवून कौतुकाने म्हणाली, "तीन वर्सां झाली, अजून बसता तिका." मोलमजुरीच्या घरात कपडा तीन वर्षे पुरणे ही आनंदाचीच गोष्ट. आम्हीही हसलो. परिचारिका ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुलीला भिंतीला टेकवून उभे केले आणि शिंप्याच्या टेपने उंची मोजली. वय दहा पूर्ण, उंची ११४ सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलीची साधारण एवढी असते. आजी म्हणाली, "चेडू आवशीवर गेलां, वाढतलां हळूहळू." दोन वर्षे टॉनिकच्या बाटल्याही देऊन झाल्या होत्या. उंची कोणी मोजली नव्हती. मुलगी वर्गात शांत, अभ्यासात बरी, कोणाला त्रास नाही. थंडी मात्र तिला फार वाजे, त्वचा कोरडी पडली होती आणि बद्धकोष्ठाची तक्रार जुनीच होती. पुढे रक्ततपासणीत थायरॉइड ग्रंथीचे काम जवळजवळ थांबल्याचे निघाले.

आता हे घडते कसे ते पाहू. आपल्या शरीरात काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती वाढीचे संप्रेरक तयार करते आणि इतर ग्रंथींना कामाला लावते. गळ्यापाशी फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड असते. तिचे थायरॉक्सिन कमी पडले तर हाडांची वाढ मंदावते आणि लहान वयात मेंदूचीही. वयात येताना स्त्री-पुरुष संप्रेरकांमुळे उंची झपाट्याने वाढते आणि मग हाडांची टोके जुळून येतात. एकदा ती जुळली की कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. वर्तमानपत्रांतील उंची वाढवण्याच्या पावडरींच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

जन्मताना बाळ सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षी ते साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. या वयात वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, मग मूल वर्गात सर्वांत बुटके असो वा नसो. एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा दोन मोजण्यांमधील फरक अधिक बोलतो. म्हणून तारीख घालून लिहून ठेवायचे.

आईवडिलांची उंची महत्त्वाची नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याचाही हिशेब आहे. दोघांच्या उंचीची सरासरी काढावी. मुलगा असेल तर तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवावे, मुलगी असेल तर तेवढेच वजा करावे. मूल मोठेपणी साधारण त्या आकड्याच्या आसपास पोहोचते. पण "आवशीवर गेलां" हे वाक्य तपासणीनंतर बोलण्याचे आहे. आपल्याकडे ते तपासणीऐवजी बोलले जाते.

येथे आपल्या समाजाशी संबंधित एक मुद्दा येतो. गरीब वस्तीतील मुले "मुळातच खुजी" असतात, हे वाक्य आम्ही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. ज्या घरांत पुरेसे अन्न, आईचे दूध आणि स्वच्छता होती, अशाच घरांतील मुले निवडली होती. पहिल्या पाच वर्षांत या सहाही देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरून २००६ मध्ये नवे वाढतक्ते निघाले. म्हणजे घानाचे मूल, नॉर्वेचे मूल आणि आपल्या वाडीतील मूल यांना निसर्गाने या वयात सारखीच मोजपट्टी दिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही खुजेपणाची टक्केवारी कोणाच्या रक्तातून आलेली नाही. ती ताटातून, पाण्यातून आणि आईच्या गरोदरपणातून आली आहे.

मोठ्या मुलांसाठीही आपल्या देशाचे तक्ते आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी मुलांच्या वाढीवर व संप्रेरकांच्या विकारांवर दीर्घकाळ काम केले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५ ते १८ वर्षांच्या वाढतक्त्यांमागे त्यांचे मोठे परिश्रम आहेत. हे तक्ते मध्यम व सुस्थितीतील घरांतील मुलांवरून केलेले आहेत. मग ते आपल्या मुलांना लावावेत का, असा प्रश्न आमच्या गटात निघाला आणि बराच वाद झाला. आमचे मत असे झाले की लावावेत. गरिबीला वेगळी, आखूड मोजपट्टी दिली की गरिबी दिसेनाशी होते.

अर्थात खुजे दिसणारे प्रत्येक मूल संप्रेरकांच्या विकाराचे नसते. बहुतेकांच्या मागे कमी आहार आणि वारंवार होणारे आजार असतात. घरच्या घरी ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. अन्न कमी पडले की आधी वजन उतरते, उंची नंतर मागे पडते. थायरॉइड किंवा वाढीचे संप्रेरक कमी असेल तर उंची अडते, पण मूल बाळसेदार, कधी गुबगुबीतच दिसते. म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

सर्वांत हळहळ वाटते ती नवजात बालकांच्या बाबतीत. काही बाळे जन्मतःच थायरॉइड नसलेली किंवा अपुरी असलेली असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अनेक केंद्रांवरील अभ्यासात साधारण अकराशे-बाराशे बाळांत एक असे प्रमाण आढळले. असे बाळ जन्मताना निरोगी दिसते. मग कावीळ लवकर उतरत नाही, आवाज घोगरा येतो, जीभ जाड दिसते, बेंबी फुगते, शी दोन-दोन दिवस होत नाही. ते रडत नाही, दिवसभर झोपते. शेजारीण म्हणते, काय शहाणे बाळ! या शहाणपणातच मेंदूचे नुकसान होत असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखे शिकते. काही महिने गेले तर गेलेली बुद्धी परत येत नाही. गोळी स्वस्त आहे. चाचणीला बाळाच्या टाचेतील रक्ताचे काही थेंब पुरतात.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. दुसॉ यांनी १९७४ मध्ये ही चाचणी सर्व बाळांसाठी सुरू केली. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी १९८० च्या दशकात यावर संशोधन केले. आपल्या शेजारच्या गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे ही चाचणी प्रत्येक प्रसूतीनंतर होतेच असे नाही. तेव्हा बाळंतीण घरी येण्यापूर्वी "टाचेच्या रक्ताची थायरॉइड चाचणी झाली का?" हे विचारायला विसरू नये. विचारणाऱ्याला कोणी हसले तर हसू द्यावे.

आता मिठाविषयी. थायरॉक्सिन तयार व्हायला आयोडीन लागते. आपण समुद्राकाठचे, मासे खाणारे, आपल्याला त्याची काय कमतरता, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. माशांतून आयोडीन मिळते हे खरे. परंतु मिठागरातील खड्या मिठात ते फारच थोडे असते, कारण समुद्राच्या पाण्यातच त्याचे प्रमाण अल्प आहे. शिरोड्याचे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि खारवलेल्या माशांना खडे मीठच हवे. पण रोजच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठ घालावे, विशेषतः गरोदर स्त्री घरात असेल तर. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगात केवळ अशा मिठाने गलगंडाचे प्रमाण उतरल्याचे दिसले. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला.

इतर कारणे थोडक्यात. वाढीचे संप्रेरक कमी असेल तर ते रोज इंजेक्शनने द्यावे लागते, वर्षानुवर्षे, आणि ते महाग आहे. १९८५ पर्यंत ते मृत व्यक्तींच्या पीयूषिकेतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे उघड झाल्यावर ते बंद झाले. आता ते प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतात. मुलींमध्ये टर्नर नावाचा एक विकार असतो. त्यात एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. कारण न समजता बुटकी राहिलेल्या मुलीची ही तपासणी करतात. उलट, आठ वर्षांच्या आत मुलगी किंवा नऊ वर्षांच्या आत मुलगा वयात येऊ लागला तर तेही दाखवले पाहिजे. ती मुले आधी उंच दिसतात, पण हाडे लवकर जुळल्याने शेवटी बुटकी राहतात. मुलीच्या बाबतीत हे लाजेने लपवले जाते. त्यात तिचेच नुकसान होते.

तपासणी कोठे करावी? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. पुढची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करता येते.

त्या मुलीला आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते. पहिल्या वर्षात ती नऊ सेंटिमीटर वाढली आणि फ्रॉक धाकट्या बहिणीकडे गेला. गमावलेली सगळी उंची भरून येईलच असे नाही, असे डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितले आहे. उपचार लवकर सुरू झाले असते तर तेही भरून आले असते.

संस्थेच्या सभागृहात दरवाजाच्या उजव्या बाजूला भिंतीवर आम्ही मोजपट्टी रंगवून घेतली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मुलांची उंची मोजून वहीत लिहिली जाईल. मुलांना अनवाणी उभे करावे लागते आणि मुलींनी अंबाडा सोडावा. येताना जन्मदाखला आणावा, कारण वयाचा अंदाज चालत नाही.