शाळेतलं शेअर फोल्डर : दार कोणी उघडलं, बंद कोणी केलं?



मागच्या वर्षी प्रथम सत्र परीक्षेला चार दिवस उरले असताना नववीतली एक मुलगी शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, लॅबमधल्या सात नंबरच्या कॉम्प्युटरवर तुमची विज्ञानाची प्रश्नपत्रिका दिसतेय. मी उघडली नाही, पण दिसतेय."

चूक सर्वस्वी माझी होती. आदल्या दिवशी प्रात्यक्षिकाची एक फाईल घ्यायची म्हणून मी त्या कॉम्प्युटरवरून कार्यालयातल्या पीसीवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडलं होतं. नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली. घाईत 'लक्षात ठेवा' या चौकोनावर टिक केली, फाईल घेतली, खिडकी बंद केली आणि तासाला गेलो. लॅबच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर मुलांसाठी एकच सामाईक खातं आहे. माझा पासवर्ड त्या खात्यात जमा झाला. दुसऱ्या दिवशी तिथे बसणारं कुठलंही मूल त्या फोल्डरपुरतं 'मी' झालं होतं!

त्यात प्रश्नपत्रिका होतीच. पण त्याच खात्याला विद्यार्थी माहितीचं फोल्डरही उघडं होतं. त्यात आधार कार्डं, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी घेतलेली पासबुकची पानं, सगळं स्कॅन केलेलं. प्रश्नपत्रिका एका रात्रीत नवी काढता येते, काढलीही. आधार क्रमांक तसा नवा काढता येत नाही.

मी काय केलं? धावत जाऊन कार्यालयातल्या पीसीवर माझा पासवर्ड बदलला. पाच मिनिटांनी सात नंबरवर येऊन पाहतो तर फोल्डर अजून उघडतंय! इथेच खरा धडा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपण नेटवर्कवरचं फोल्डर उघडतो तेव्हा दोन कॉम्प्युटरांमध्ये एक जोडणी तयार होते. विंडोजमध्ये ती एसएमबी नावाच्या पद्धतीने चालते. ओळख एकदाच, सुरुवातीला तपासली जाते. त्यानंतर जे चालू राहतं त्याला सेशन म्हणतात. गॅदरिंगला फाटकावर पास दाखवून आत आलेल्या माणसाचं बघा ना. नंतर पासचा रंग बदलला तरी तो बाहेर पडत नाही. पासवर्ड बदलणं म्हणजे पासचा रंग बदलणं. आत बसलेल्याला उठवायचं काम वेगळं करावं लागतं.

ते असं. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा आणि शेअर्ड फोल्डर्सवर जा. खाली तीन नोंदी दिसतील. शेअर्स म्हणजे काय काय वाटलेलं आहे, सेशन्स म्हणजे आत्ता कोण जोडलेलं आहे, ओपन फाइल्स म्हणजे कोणती फाईल कोणाकडे उघडी आहे. ग्रंथालयाच्या देवघेव रजिस्टरसारखंच हे. सेशनवर राइट क्लिक करून ते बंद करता येतं.

पण क्रम महत्त्वाचा! नुसतं सेशन बंद केलं आणि पासवर्ड जुनाच ठेवला, तर पलीकडचा कॉम्प्युटर साठवलेला पासवर्ड वापरून क्षणात पुन्हा जोडून घेतो. बराच वेळ कुणी काही केलं नाही तर विंडोज आपणहून सेशन तोडतं (नेहमीची मुदत १५ मिनिटांची असते), पण फोल्डरवर पुन्हा क्लिक केलं की जोडणी परत हजर. म्हणून आधी पासवर्ड बदला, मग सेशन बंद करा, आणि शेवटी त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून साठवलेली नोंद पुसा. 'नेट यूज' ही आज्ञा दिली की त्या कॉम्प्युटरवरून कुठे कुठे जोडण्या आहेत तेही कळतं. मॅप केलेला ड्राइव्ह असेल तर राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा. खिडकीची फुली दाबणं म्हणजे जोडणी तोडणं नव्हे, हे मला त्या दिवशी उमगलं. इतकी वर्षं आयसीटी शिकवतोय, बरं का!

एक गोष्ट मात्र हाती लागली नाही. सेशन्सच्या यादीत आत्ता कोण आहे एवढंच दिसतं, काल कोण होतं ते दिसत नाही. ती मुलगी येण्याआधी कुणी काय पाहिलं हे सांगता येईना. मुख्याध्यापकांना तसंच सांगितलं. त्यांनी रागवायला हवं होतं, ते फक्त म्हणाले, "त्या मुलीचं नाव परिपाठात घेऊ नका, मुलं तिला त्रास देतील." मला हे सुचलं नसतं.

आता परवानग्यांबद्दल. विंडोजमध्ये यासाठी दोन चाळण्या असतात, एक शेअरची आणि एक फोल्डरची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं, आणि जी जास्त कडक तीच लागू होते. शेअरवर 'फक्त वाचा' असेल तर फोल्डरवर कितीही सूट द्या, नेटवर्कवरून वाचताच येईल. पण त्या पीसीसमोर स्वतः बसलेल्याला शेअरची चाळणी लागतच नाही. त्यामुळे फोल्डरची परवानगी ढिली ठेवून 'शेअर तर बंद आहे' असं म्हणणं फसवं. आमच्याकडे 'एव्हरीवन'ला पूर्ण मुभा होती, कारण कोणे एके काळी प्रिंटर जोडताना अडचण आली होती! आता मुलांसाठी धड्यांचं फोल्डर फक्त वाचायला आहे आणि प्रकल्प जमा करायचं वेगळं. विद्यार्थी माहिती लॅबच्या वाटेवरून पूर्ण काढली. शिवाय लक्षात घ्या, नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. सहावीच्या एका गटाचा प्रकल्प असाच गेला होता.

"आमची शाळा लहान, इथे कोण येतंय?" असं कुणी म्हणेल. १२ मे २०१७ आठवा. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या दोषातून शिरला. कुणी क्लिक करण्याची वाट न पाहता तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात राहिला. सुमारे १५० देशांत त्याची झळ पोहोचली, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी अपडेट टाळलं ते सापडले. तो कोणाचाही पत्ता बघून आला नव्हता.

ती जुनी आवृत्ती नव्या विंडोजमध्ये सहसा बसवलेली नसते. पण जुना स्कॅनर फोल्डरमध्ये फाईल पाठवत नाही म्हणून दुरुस्तीवाला ती परत चालू करून जातो. आपल्याकडे कुणी तसं केलंय का, विचारून घ्या. त्यापेक्षा पेनड्राइव्हवर स्कॅन केलेलं परवडलं. आणि ज्या ड्राइव्हवर बॅकअप आहे तो कायम जोडून ठेवू नका. खंडणीखोर प्रोग्राम हाताला लागेल तो जोडलेला ड्राइव्हही कुलूपबंद करतो.

पालकांसाठी थोडंसंच. लॅपटॉप नव्या वायफायला जोडला की ते नेटवर्क 'पब्लिक' ठेवायचं की 'प्रायव्हेट' हे ठरवता येतं. कॅफे, स्टेशन, क्लास अशा ठिकाणी पब्लिकच निवडा, म्हणजे तुमचा लॅपटॉप इतरांना दिसत नाही. आणि शाळेला विचारा, "आमच्या मुलाची कागदपत्रं कोणत्या कॉम्प्युटरवर आहेत, ती कोण उघडू शकतं?" विचारायला संकोच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीचा वेगळा विचार केलेला आहे.

आता दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की लिपिक मॅडम आणि मी सेशन्सची यादी उघडून बसतो. लॅब बंद असते, तेव्हा यादी रिकामी असायला हवी. गेल्या शनिवारी एक नाव होतं. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं, ते मॅडमच्या टेबलावरचं मल्टिफंक्शन मशीन होतं. सकाळी एक दाखला स्कॅन करून तो फोल्डरला चिकटून बसला होता.