चिकटलेल्या पट्ट्या : चार तासांचं काम, दोन दिवसांचा शब्द

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची पट्टी दाबली की खालीच बसते, वर यायला वेळ लावते, ही तक्रार गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात कायम असते. ऑर्केस्ट्रावाले आहेत, बेंजो पार्ट्या आहेत, चाळीतली भजनी मंडळं आहेत, क्लासला जाणारी मुलं आहेत. वाद्य विकणारी दुकानं पुष्कळ, पण पट्ट्या उघडून नीट साफ करून देणारा माणूस शोधावा लागतो. घरातल्या एका टेबलावर होण्यासारखं हे काम आहे. व्हिडिओत हात कसे चालवायचे ते दाखवलं आहे, इथे त्यामागचा विचार आणि हिशोब बघू.

गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "पट्टी अडकते." तुम्ही आधी हे ओळखायचं की पट्टी हाताला अडकते की आवाजाला. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पट्टी हळू दाबा, हळू सोडा, शेजारच्या पट्टीशी ताडून बघा. वर यायला आळस करत असेल तर दोष यांत्रिक आहे. पट्टी झकास वर-खाली होते, पण सूर लागत नाही किंवा एकदम मोठ्याने ओरडतो, तर दोष खालच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. टच असलेल्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला त्यावरून मशीन बोटाचा जोर मोजतं. त्यावर धूळ बसली की हिशोब चुकतो. अशा कीबोर्डला कितीही ग्रीस लावा, काही फरक पडणार नाही.

यांत्रिक दोषाची कारणं आपल्याकडे अगदी आपल्यासारखीच असतात. आरतीच्या वेळी उडालेल्या अक्षता, उदबत्तीची राख, गुलाल, फुलाची पाकळी, टाचणी. प्रॅक्टिसच्या वेळी सांडलेला चहा तर नेहमीचाच, आणि त्यातली साखर सुकली की ती गोंदासारखी धरते. जुन्या कीबोर्डात कंपनीने लावलेलं ग्रीस धूळ खाऊन घट्ट होतं. शेवटचं कारण सगळ्यात वाईट : पट्टीलाच मागे बिजागरीजवळ तडा गेलेला असतो, किंवा टेम्पोत उन्हात तापून ती वाकलेली असते. तिथे साफसफाईचा उपयोग नाही, पट्टी बदलायची. हे गिऱ्हाइकाला उघडून दाखवा. तोंडी सांगितलंत तर त्याला वाटतं हा पैसे वाढवतोय.

आता उघडणं. अडॅप्टर काढा, आणि खालचे सेलसुद्धा काढा, ते बरेच जण विसरतात. कीबोर्ड उलटा करताना खाली जाड टॉवेल घाला, नाहीतर वरची बटणं दाबली जातात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरून प्लास्टिक फुटतं. म्हणून एका पुठ्ठ्यावर कीबोर्डचा आकार काढायचा आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचायचा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. चपट्या रिबन केबलला ओढू नका, आधी तिचं कुलूप उघडा.

बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये पट्ट्या सुट्या नसतात. एका सप्तकातल्या एकाआड एक पांढऱ्या पट्ट्या एका फणीत, उरलेल्या दुसऱ्या फणीत आणि काळ्या तिसऱ्या फणीत अशा जोडलेल्या असतात. एकच पट्टी चिकटली असली तरी पूर्ण फणी काढावी लागते. "एकच तर पट्टी आहे" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा, भाव तिथेच ठरतो.

पट्ट्या कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत त्या तासाभरात वाळत नाहीत, रात्रभर पंख्याखाली ठेवा. कॉन्टॅक्टच्या काळ्या कार्बनवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेला कापूस अलगद फिरवायचा. घासायचं नाही, कार्बन एकदा निघाला की निघाला. रबराच्या पट्टीखालचे काळे ठिपकेही तसेच पुसा. रबर परत बसवताना त्याचे सगळे खुंट भोकात पूर्ण बसले आहेत ना, हे बोटाने चाचपून बघा. एक खुंट वर राहिला की ती पट्टी कडक लागते आणि गिऱ्हाईक म्हणतं, आधी बरी होती.

ग्रीस सगळ्यात शेवटी. जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवीन लावायचं नाही. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या. मोहरीच्या दाण्याएवढं, फक्त पट्टी जिथे मार्गदर्शक खुंटाला घासते तिथे आणि बिजागरीला. रबरावर, कार्बनवर आणि फेल्टच्या पट्टीवर थेंबही जाता कामा नये. म्हणून कॉन्टॅक्टचं काम आधी संपवा, हात धुवा, मग ग्रीसची डबी उघडा. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही नको. दोन दिवस पट्ट्या लोण्यासारख्या चालतात, मग तेल पसरतं, धूळ धरतं, आणि काही प्लास्टिकला त्या स्प्रेने तडेही जातात. अल्कोहोल, ग्रीस, चिमटे, चांगले स्क्रू ड्रायव्हर हे सगळं डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडला मिळतं. गिरगावातून चालत जाण्यासारखं आहे.

आता पैशाचं बोलू. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या, ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या. उघडणं आणि फोटो अर्धा तास, पट्ट्या काढून धुणं एक तास, कॉन्टॅक्ट एक तास, ग्रीस आणि जोडणी एक तास, तपासणी अर्धा तास. चार तास झाले. समजा तुम्ही तासाचे २०० रुपये धरले, तर मजुरी ८००. सामान ६०, जाण्यायेण्याचे १००. झाले ९६०. दहा कामांतलं एक परत येईल आणि ते फुकट करून द्यावं लागेल, त्याचे प्रत्येक कामात ८० धरा. १०४० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला, पण ८० ची ती ओळ गाळू नका. नवीन माणूस नेमकी तीच गाळतो आणि महिन्याच्या शेवटी म्हणतो, काम भरपूर केलं, हातात काही नाही.

मुलाचा शिकाऊ कीबोर्ड असेल आणि सेकंडहँड त्याची किंमतच दोन हजारांच्या आत असेल, तर हजाराचं काम घेण्याआधी स्पष्ट सांगा. तो परत जाईल, जाऊ दे. वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो पहिल्या वर्षी घेऊच नका, त्यांची रचना पूर्ण वेगळी असते.

कीबोर्ड हातात घेताना गिऱ्हाइकासमोर ६१ च्या ६१ पट्ट्या वाजवून व्हिडिओ काढा. कुठली चालत होती, कुठली नव्हती, डिस्प्ले, पिच व्हील, सगळं. पावतीवर लिहा, अर्धे पैसे आगाऊ घ्या. तारीख देताना चार तासांचं काम असलं तरी दोन दिवसांचा शब्द द्या, वाळायला रात्र लागतेच.

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र कोणाचाही स्टेजचा कीबोर्ड उघडू नका. तेव्हा फोन सगळ्यात जास्त येतात, लोक दुप्पट पैसे द्यायला तयार असतात, पण उघडल्यावर बिजागरी तुटलेली निघाली तर सुटा भाग त्या दोन दिवसांत कुठून आणणार? त्या माणसाची दहा दिवसांची कमाई तुमच्या टेबलावर उघडी पडलेली असेल. त्याला सरळ सांगा : त्या पट्टीवाचून चालतंय का बघा, ट्रान्सपोज वापरून पट्टी सरकवा, किंवा भाड्याने आणा. आणि पुढची तारीख द्या. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. घटस्थापनेपर्यंतच्या त्या पंधरवड्यात कार्यक्रम कमी, वाद्यं घरी पडून, आणि दहा दिवसांचा गुलाल आत भरलेला. वर्षातला तुमचा खरा सीझन तो. त्याची बुकिंग श्रावणातच सुरू करा, परळ-लालबागच्या बेंजो पार्ट्यांच्या सराव चालतो तिथे जाऊन, समोर भेटून.

सरावासाठी चोरबाजारातून एखादा बंद पडलेला कीबोर्ड आणा. तो तीनदा पूर्ण उघडा आणि जोडा. तिसऱ्या वेळी घड्याळ लावा. चार तासांच्या आत जोडून सगळ्या पट्ट्या एकसारख्या वर आल्या आणि पुठ्ठ्यावर एकही स्क्रू उरला नाही, की पहिलं गिऱ्हाईक घ्या.