पेटीचे कर्ण

प्रश्न : वडिलांच्या रेकॉर्ड-प्लेयरची सागवानी पेटी सांध्यांतून सुटली, पुन्हा जोडली तर झाकण तिरपे बसते. उपाय सुचवावा.
– एक वाचक, लातूर

उत्तर : जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने संपूर्ण काढून, नवा लावण्यापूर्वी चारही फळ्या सपाट जागी कोरड्याच जुळवाव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत, ते समान नसतील तर, गुण्या एका कोपऱ्यास कितीही अनुकूल साक्ष देवो, पेटी वाकडीच समजावी, आणि जो कर्ण लांब भरेल त्याच दिशेने शिकंजा हलकेच आवळावा. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जोडकाम केल्यास झाकणाभोवती पुठ्ठ्याएवढी फट अवश्य राखावी. मूळ फळी शक्यतो टाकू नये. बदलणे भागच पडले तर किनवटकडचे जुने, मुरलेले सागवान नांदेडच्या वखारीत शोधावे. अखेरीस प्लेयर समपातळीत आहे का हे पाहताना पाणसळ पेटीवर नव्हे, रेकॉर्ड फिरवणाऱ्या थाळीवर ठेवावी.