धडा १४ : नवी चूल, जुने धुराडे

नवी चूल आली. भिंतीत जुने धुराडे होतेच. सून म्हणाली, "आत्याबाई, जोडू का नळी?"

"थांब गं. घरात तान्हं पोर आहे. आधी धुराडं बघू."

आत्याबाई बरोबर बोलल्या. जुन्या धुराड्यात काजळी साचते. ती पेटली तर छप्पर जळते. म्हणून वरून दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून धुराडे झाडावे. पाखराचे घरटे असेल तर काढावे. भिंतीच्या फटी मातीने लिंपाव्यात.

मग पत्र्याची नळी जोडावी. ती वर चढती ठेवावी. धुराड्यात फार आत सारू नये. धुराची वाट अडते. सांधा लिंपावा. गवत व लाकूड नळीपासून हातभर दूर असावे. धुराड्याचे तोंड आढ्याच्या वर २ फूट तरी असावे. एका धुराड्याला एकच चूल जोडावी.

शेवटी चुलीत कागद पेटवून पाहावा. धूर घरात आला, तर चूल विझवावी, दार उघडावे. धुराबरोबर विषारी वायू येतो. तो दिसत नाही. त्याला वास नाही. दार लावून निजलेली माणसे त्याने निजल्या जागी मरतात.

धूर वर गेला. सून हसली. आत्याबाई म्हणाल्या, "आता दर महिन्याला झाडायचं, बरं का!"

प्रश्न : तुमचे धुराडे कधी झाडले होते?