तरतमभाव : मराठी वाक्याकडून इंग्रजी वाक्याकडे

मागील उपघटकात आपण विशेषणाला लिंग-वचनामुळे होणारा विकार अभ्यासला. या उपघटकात तुलनेचा विचार करावयाचा आहे, आणि तोही इंग्रजीच्या प्रारंभिक अध्यापनाच्या संदर्भात. मराठीच्या अभ्यासकाला इंग्रजीच्या अध्यापनाशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपणांस पडेल. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. आपणांपैकी जे शिक्षक आहेत वा पुढे होतील, त्यांच्या वाट्याला तो येतोच. शिवाय तुलना शिकताना मुलांच्या ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत सापडते.

'कळसूबाईचे शिखर साल्हेरपेक्षा उंच आहे' हे वाक्य घ्या. त्याचे इंग्रजी करताना मूल 'हायर दॅन साल्हेर' असे न लिहिता 'हाय दॅन साल्हेर' असे लिहिते. शिक्षक तांबडी रेघ ओढतात आणि मुलाचे लक्ष नव्हते असे ठरवून मोकळे होतात. वस्तुतः लक्ष होते. मराठी वाक्यात 'उंच' हे विशेषण जसेच्या तसे राहिले आहे. तुलनेचा सारा भार 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने उचलला आहे, आणि ते जोडले आहे साल्हेर या नामाला. मुलाने 'उंच'ला 'हाय' आणि 'पेक्षा'ला 'दॅन' असे चोख प्रतिशब्द दिले. त्याच्या हिशेबी वाक्यात काहीही उणे नाही. इंग्रजी मात्र तुलनेची खूण दोन जागी मागते : नामाआधी 'दॅन' आणि विशेषणाच्या अंती 'अर' हा प्रत्यय. या दुसऱ्या खुणेची जागाच मराठीत नाही.

येथे मागील उपघटकाची आठवण ठेवावी. 'मोठा वाडा, मोठी विहीर, मोठे घर' असे विशेषण बदलण्याची सवय मराठी मुलाला आहेच. इंग्रजी 'बिग' लिंगानुसार बदलत नाही, तुलनेनुसार बदलतो. मराठी 'मोठा' लिंगानुसार बदलतो, तुलनेनुसार नाही. फळ्यावर ही दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून 'कोणता शब्द बदलला?' एवढेच विचारावे. नियम मुलेच सांगतात. त्यानंतर दोन काठ्या, दोन पेले, दोन वह्या हाती देऊन तोंडी सराव घ्यावा. तिसरी काठी लगेच आणू नये. 'अर' जिभेवर बसण्याआधी 'एस्ट' आला की दोन्हींचा गोंधळ होतो.

पुढची चूक 'मोअर टॉलर' ही. मराठीत 'अधिक उंच' असेही आपण म्हणतो, म्हणून 'मोअर' येतो. शिक्षकांनी बजावले म्हणून 'अर'ही येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही चूक पहिल्या चुकीच्या तोडीची मानू नये. विशेषणावर खूण हवी, हे त्या मुलाला कळलेले आहे. लहान शब्दांना प्रत्यय आणि 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांना 'मोअर', ही वाटणी सरावाने बसते. 'बिगर' लिहिताना 'जी' हे अक्षर दोनदा येते, 'हॅपी'तील 'वाय'चा 'आय' होतो, हे लेखनाचे तपशील त्यानंतरचे.

अर्थाच्या अंगाने एक अडचण पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. 'दादा माझ्यापेक्षा मोठा आहे' याचे मूल 'बिगर' करते. मराठी 'मोठा' आकाराने मोठा तसाच वयानेही मोठा; इंग्रजीत वयासाठी 'ओल्डर' हवा. 'लहान'चेही तसेच. अशा वेळी 'थोरला' आणि 'धाकटा' या शब्दांची मदत घ्यावी. हे शब्द वयाखेरीज दुसरे काही सांगत नाहीत, आणि त्यांच्यात तुलना मुळातच आहे.

तिसऱ्या अवस्थेसाठी मराठी 'सर्वांत उंच', 'सगळ्यांपेक्षा उंच', 'मोठ्यात मोठा' असे म्हणते, म्हणजे विशेषणाला तुलनेचा प्रत्यय येथेही लागत नाही. संस्कृतात तो होता. 'उच्चतर, उच्चतम' यांतील 'तर' आणि 'तम' यांवरूनच तरतमभाव हे नाव पडले. 'ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ' यांतील 'इष्ठ' हाही त्याच अर्थाचा प्रत्यय असून इंग्रजी 'एस्ट' त्याचा दूरचा भाऊबंद आहे. आपले 'स्वादिष्ट' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' मुळात एकाच घडणीचे. मराठीत या प्रत्ययाची धार इतकी बोथटली की 'सर्वश्रेष्ठ' म्हणावे लागते. 'बेस्ट'ची गतही तीच झाली : चहा 'एकदम बेस्ट' असतो, तेव्हा तो इतर कोणत्या चहांहून चांगला, हे कोणी विचारत नाही. ही माहिती तिसरीच्या वर्गात सांगण्यासाठी नाही, शिक्षकाच्या आकलनासाठी आहे. मुलाला 'द हायेस्ट' हा जोड एकत्रच पाठ करू द्यावा, कारण 'द'साठीही मराठीत प्रतिशब्द नाही.

आता उदाहरणांच्या निवडीविषयी. या पाठासाठी मुलांनाच फळ्यापुढे उभे करण्याची रीत फार जुनी आहे. कोण उंच, कोण जाड, कोण गोरी, असे विचारले की वर्ग हसतो आणि पाठ रंगला असे वाटते. ज्या मुलीला 'फॅटर' म्हणून उभे केले, ती व्याकरण विसरते, तो शब्द विसरत नाही. पुढचे काही तास ती तोंड उघडत नाही, आणि बोलल्यावाचून भाषा येत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. गावातली विहीर आणि नदी. भोपळा, वांगे आणि मिरची. बैलगाडी, एसटी आणि रेल्वे. यांतील कोणाचाही अपमान होत नाही. मुलांची तुलना करावीशी वाटलीच, तर ती त्याच मुलाच्या कालच्या आणि आजच्या उडीची करावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'ताई माझ्याहून लहान आहे' या वाक्याच्या इंग्रजी रूपांतरात कोणत्या दोन चुका संभवतात, ते कारणांसह लिहा.
२. 'मोठ्यात मोठा' या धर्तीवरील पाच मराठी प्रयोग आपल्या बोलीतून जमवा व प्रत्येकाचे इंग्रजी करताना काय गळते ते नोंदवा.
३. आपल्या परिसरातील तीन वस्तू निवडून तिसरीच्या वर्गासाठी दहा मिनिटांचा तोंडी पाठ आखा.