आजारी पिल्लू : कवटाळू नका, हाकलूही नका



दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की आपल्या कुंभारीत गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्ले दिसतात. कुठे कडब्याच्या गंजीखाली, कुठे खडीच्या ढिगामागे, कुठे देवळाच्या ओट्याशेजारी. आपण सगळे धावत जातो. कोणी भाकरीचा तुकडा नेतो, कोणी पिल्लाचे नाव ठेवतो. पण त्यातले एखादे पिल्लू मलूल झाले की गावात दोनच गोष्टी घडतात. लहान मुले त्याला पोटाशी धरतात, नाहीतर मोठी माणसे त्याला पोत्यात घालून लांब सोडून येतात. या दोन्ही गोष्टींनी रोग पसरतो. तो कसा पसरतो आणि आपण काय करावे, हे मी गुरुजींना व जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून लिहिले आहे.

१. पिल्लांनाच रोग लवकर का होतात?

वासराला जसा गाईचा चीक पाजतात, तसाच पिल्लालाही आईचा चीक लागतो. त्यातून रोगाशी लढणारे घटक पिल्लाच्या अंगात जातात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पण ही आईने दिलेली शिदोरी फार दिवस पुरत नाही. साधारण सहा ते सोळा आठवड्यांच्या काळात ती संपते. नेमके याच वयात पिल्लू दुडुदुडु धावू लागते, दिसेल ते हुंगते, चाटते, तोंडात घालते. म्हणून रोग त्याला लवकर गाठतो.

२. तीन रोगांची ओळख

पार्व्हो : हा विषाणूचा रोग आहे. १९७८ च्या आधी कुत्र्यांमध्ये हा रोग कोणाला माहीतच नव्हता. त्या साली तो ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. पिल्लू एकाएकी खाणे सोडते, ओकते आणि त्याला घाण वासाची, बऱ्याचदा रक्ताची हगवण लागते. अंगातले पाणी संपून ते दोन-तीन दिवसांतही मरू शकते. विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो. तो मोठा चिवट असतो बरं का! सावलीतल्या ओल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो. आपल्या चपलेला, पोत्याला, पाण्याच्या वाडग्याला चिकटून तो दुसऱ्या गल्लीत जातो. कुत्र्यांचा हा पार्व्हो माणसाला होत नाही, पण माणूस त्याचा हमाल मात्र होतो.

डिस्टेंपर : हा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद आहे. आंरी कारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचा शोध लावला. ताप येतो, डोळ्यांत चिपडे येतात, नाक गळते, खोकला व हगवण होते. पुढे अंगाला झटके येतात, फिट येते, पाय लटपटतात. तो खोकल्याशिंकेच्या तुषारांतून पसरतो. हा विषाणू पार्व्होसारखा चिवट नाही. ऊन, साबण आणि कोरडी हवा त्याला सोसत नाही. माणसाला हाही रोग होत नाही.

रेबीज : हा मात्र माणसाला होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पुष्कळांना वाटते की पिसाळते ते मोठे कुत्रे, एवढेसे पिल्लू काय पिसाळणार? हा समज चुकीचा आहे. पिल्लालाही रेबीज होतो. त्याचा स्वभाव बदलतो, ते उगाच चावते किंवा कोपऱ्यात दडून बसते. आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. तेव्हा आपल्याला वाटते, याच्या घशात हाड अडकले. मग आपण तोंडात बोट घालून बघतो. असे कधीही करू नका! रेबीजचा विषाणू लाळेतच असतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिस्टेंपरचे झटके आणि रेबीजची लक्षणे वरवर सारखी दिसू शकतात. डॉक्टर नसलेल्या माणसाला फरक सांगता येत नाही. म्हणून झटके येणाऱ्या, लाळ गळणाऱ्या किंवा उगाच चावणाऱ्या पिल्लाला रेबीज आहे असेच धरून वागावे.

३. आमच्या गल्लीतली पिल्ले

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एका कुत्रीने पाच पिल्ले दिली. ती दोन महिन्यांची झाली आणि त्यातल्या पांढऱ्याला रक्ताची हगवण लागली. शेजारचे एक काका म्हणाले, "पाचीबी पोत्यात घाला आन् माळाला सोडून या की. बला जाईल." माझी आज्जी म्हणाली, "बला जात नाही रे बाबा. आपल्या दारातनं उठते आन् दुसऱ्याच्या दारात बसते."

मग वडिलांनी हाताला जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पांढऱ्याला जुन्या बुट्टीत घालून मोकळ्या गोठ्यात वेगळे ठेवले. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी पार्व्होची शंका सांगितली आणि सलाईन लावले. ते म्हणाले की बाकीच्या चौघांनाही लागण झालेली असू शकते, दोन आठवडे त्यांना कुठे नेऊ नका. पांढरे तिसऱ्या दिवशी मेले. चार दिवसांनी तांबूस पिल्लाला ओकाऱ्या सुरू झाल्या. त्यालाही वेगळे केले, पण तेही गेले. उरलेली तिघे जगली आणि पुढे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना लस दिली. आम्हा मुलांना फार वाईट वाटले. पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चार लहान पिल्ले होती, त्यातले एकही आजारी पडले नाही.

माळाला सोडली असती तर? तिथल्या कुत्र्यांनी ती विष्ठा हुंगली असती. माळावर नुसती कुत्रीच राहतात असेही नाही. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण बघा.

४. नान्नजच्या माळावरचे खोकड

सोलापूर शहराच्या पलीकडे, बार्शी रस्त्यावर नान्नज गाव आहे. तिथल्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. त्या गवताळ माळावर लांडगे आणि खोकडही राहतात. खोकड म्हणजे झुपकेदार शेपटीचा, कोल्ह्याहून लहान प्राणी. अनिरुद्ध बेलसरे, आबी वनक आणि मॅथ्यू गोम्पर या शास्त्रज्ञांनी अभयारण्याच्या आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांचे आणि माळावरच्या खोकडांचे रक्त तपासले. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्यांमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर होऊन गेल्याच्या खुणा मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. खोकडांच्या रक्तातही त्या सापडल्या. म्हणजे गावातले रोग आणि माळावरचे रोग वेगळे नाहीत.

डिस्टेंपर मोठमोठ्या जनावरांनाही सोडत नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातेत गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत २३ सिंह मेले. त्यांपैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. मग सरकारने सिंहांसाठी परदेशातून लस आणली. सिंहाला जो रोग लोळवतो, तो आपण पोत्यात घालून माळावर सोडायचा का?

५. पिल्लू आजारी दिसले तर

(१) हात लावू नका. चार हात लांब उभे राहून नीट बघा. हगवण आहे का, झटके आहेत का, लाळ गळते का? मग घरी किंवा शाळेत मोठ्या माणसाला सांगा.

(२) उचलायचे असेल तर ते मोठ्या माणसाने, हात झाकून. रेबीजची शंका असेल तर मोठ्यांनीही उचलू नये. मुलांना लांब करावे, जमल्यास पिल्लावर पाटी पालथी घालावी आणि डॉक्टरांना बोलवावे.

(३) आजारी पिल्लू वेगळे ठेवा. वाडगा वेगळा, पोते वेगळे. आधी चांगल्या पिल्लांना खायला द्या, शेवटी आजारी पिल्लाकडे जा. उलटे केले तर आपणच रोग वाटतो.

(४) ओकणाऱ्या पिल्लाला बळेच दूध पाजू नका. डॉक्टर सांगतील तेच द्या.

(५) जागा साफ करणे मोठ्यांचे काम. आधी घाण खरवडून खोल पुरावी, मगच औषध टाकावे. घाणीवर औषध टाकले तर त्याचा जोर घाणीतच संपतो. पार्व्होला नुसते साबणपाणी मारत नाही. घरातले पातळ ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी करून दहा मिनिटे राहू द्यावे. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टी.सी.एल. पावडरही चालते, पण तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

(६) हात साबणाने चोळून धुवा. चपलाही धुवा. साबणाने पार्व्हो मरत नसला तरी हातावरून वाहून जातो. शिवाय पिल्लांपासून आपल्याला खरूज आणि जंत होऊ शकतात, तेही यामुळे टळतात.

(७) पिल्लू मेले तर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरावे.

६. चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले तर

मार बसेल म्हणून लपवू नका! लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर चुना, हळद, तिखट, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस फुकट मिळते. पूर्वी पोटात चौदा सुया घेत, त्या भीतीने लोक दवाखाना टाळत. ती जुनी लस केव्हाच बंद झाली आहे. आता दंडात थोडीच इंजेक्शने असतात, पण ती ठरलेल्या दिवशी सगळी घ्यावी लागतात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण लस घ्यायला दहा दिवस थांबायचे नसते.

रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली ती लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली, ६ जुलै १८८५ रोजी. तो मुलगा होता नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर. म्हणजे आपल्या चौथीच्या वर्गातल्या मुलाएवढा. तो वाचला.

७. पालकांना विनंती

आपल्या गावच्या हद्दीत २००६ साली विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. पुढे रे नगर उभे राहिले आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथली पहिली पंधरा हजार घरे लोकांना मिळाली. घरे वाढली की खरकटे वाढते, खरकटे वाढले की कुत्री वाढतात, आणि कुत्री दाटीने राहिली की रोग झपाट्याने फिरतो. म्हणून खरकटे उघड्यावर टाकू नये. दारातल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्यावी. पार्व्हो व डिस्टेंपरची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू करतात आणि ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. एक लस देऊन थांबले तर पिल्लू मध्येच उघडे पडते. जनावराला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. आणि मुलाने चावल्याचे सांगितले तर आधी जखम धुवा, रागवायचे असेल ते नंतर रागवा.

मित्रांनो, मुक्या जीवावर माया करायची तर ती रीत धरून करावी. वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे.

स्वाध्याय

१. पार्व्हो माणसाला होत नाही, तरी माणसाने चपला का धुवाव्यात?
२. आधी कोणाला खायला द्यावे, चांगल्या पिल्लांना की आजारी पिल्लाला? कारण सांगा.
३. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांपैकी किती जणांना रेबीजची लस दिली आहे, हे घरोघरी विचारून वहीत लिहा. कुत्र्यांना हात न लावता!

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी